निवलेल्या पाण्याचा चहा

आपल्याकडे चहा करीत नाहीत, चहा 'टाकतात'. पाहुणा दारात दिसला की आतून आवाज येतो, "चहा टाकलाय हं!" आणि एकदा टाकला की त्याला उकळ्या फुटल्याच पाहिजेत. आमच्या घरी तर आले, गवती चहा, दूध, साखर असा सगळा लवाजमा घेऊन तो पातेल्याच्या काठापर्यंत तीनदा वर आल्याखेरीज खाली उतरत नाही. 'कढ' या शब्दाचा अर्थ मी वर्गात शिकवतो खरा, पण तो मला कळला तो आमच्या ओट्यापाशी.

अशा घरात तीन वर्षांपूर्वी जपानी हिरव्या चहाचे पहिले पाकीट येऊन पडले. माझा धाकटा भाऊ शिझुओकाला एका कारखान्यात इंजिनीअर आहे. त्या बाजूला चहाचे मळेच मळे. त्याच वर्षी वडील गेले होते. वाईचे जुने घर विकावे असे माझे म्हणणे, विकू नये असे त्याचे. त्यावरून फोनवर जे बोलणे झाले, त्यानंतर आमच्यात बोलणेच उरले नव्हते. पाकिटासोबत चिठ्ठी नव्हती. सौभाग्यवतींनी तो चहा रीतसर टाकला. दूधसाखरेसह कपात जे उतरले त्याचा रंग पाहून आई म्हणाली, "अगं, हे शेवाळ कुठलं उकळलंस?" तो चहा मोरीत गेला. पुढच्या जूनमध्ये दुसरे पाकीट आले, गेल्या वर्षी तिसरे. दुसरे कात्रीने उघडून, वास घेऊन, रबर लावून ठेवले. तिसरे उघडलेही नाही. दोन्ही फडताळात हिंगाच्या डबीशेजारी जाऊन बसली.

यंदा गणपतीला तो आला. आईने हट्टच धरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फडताळात काहीतरी शोधताना त्याला ती पाकिटे दिसली. उघडे होते ते त्याने नाकाशी नेले.

"दादा, याला हिंगाचा वास येतोय."

मी वर्तमानपत्र उलटले. ओरडला असता तर बरे वाटले असते. हा चहा वास फार लवकर धरतो. उजेड, दमट हवा आणि उष्णता हे त्याचे तीन शत्रू. हे तो मला नव्हे, सौभाग्यवतींना सांगत होता. मग त्याने बॅगेतून यंदाचे पाकीट काढले आणि म्हणाला, "वहिनी, आज चहा मी करतो. दूध नको, साखर नको, आणि गॅस लगेच बंद करायचा."

पाणी उकळले. ते त्याने पातेल्यातून चार रिकाम्या कपांत ओतले. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात गेले की पाणी सुमारे दहा अंशांनी उतरते. कपांतून ते पुन्हा एका गडूत गेले. सत्तर ते ऐंशी अंशांच्या दरम्यान आले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. पत्तीतला कडवटपणा आणि तुरटपणा कढत पाण्यात भराभर उतरतो, गोडवा मात्र कोमट पाण्यातही सुटतो. म्हणजे आम्ही तीन वर्षांपूर्वी तो गोडवा खळखळा उकळून बुडवला होता. ग्योकुरो नावाचा चहा तर झुडपांवर तोडणीआधी सुमारे वीस दिवस सावली धरून वाढवतात, आणि त्याला पन्नास-साठ अंशांचेच पाणी पुरते.

पाणी निवेपर्यंत करायचे काय? आपल्या चहात ढवळायचे असते, गाळायचे असते, ऊतू जाण्याची धास्ती असते. इथे काहीच नव्हते. दोघे भाऊ एका टेबलाशी समोरासमोर बसलो. अशा वेळी माणूस माहितीचा आधार घेतो. तो सांगू लागला आणि मीही विचारू लागलो. एइसाई नावाच्या झेन भिक्षूने ११९१ साली चीनहून येताना चहाचे बी आणले. त्या काळी चहाची पूड पाण्यात घुसळून पीत. हा जो पानांचा चहा, सेंचा, त्याची रीत उजीजवळच्या नागातानी सोएन याने १७३८ साली बसवली. खुडलेले पान लगेच वाफवायचे, म्हणजे ते काळे पडत नाही, मग वळत वळत सुकवायचे. वसंतारंभापासून अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी, म्हणजे मेच्या पहिल्या दोन-तीन तारखांना, खुडलेले पान मोठ्या मानाचे. मला दर जूनमध्ये यायचा तो त्याच खुडीचा.

त्यांच्याकडे कडेला दांडा असलेली छोटी किटली असते. आमच्याकडे आईच्या रुखवतातली चिनी मातीची निघाली. चौघांना मिळून सहा-सात ग्रॅम पत्ती, पाव लिटर पाणी, एक मिनिट. हलवायचे नाही. मग तो ओतू लागला. प्रत्येक कपात थोडे थोडे, मग उलट्या क्रमाने पुन्हा थोडे थोडे, म्हणजे पहिला कप पाणचट आणि शेवटचा कडक असे होऊ नये. शेवटचा थेंबही झटकून घ्यायचा, कारण सारा अर्क त्यात. वाटणी हा विषय आमच्या घरात नाजूक. मी त्याच्या हाताकडे पाहत राहिलो. चारही कपांचा रंग एक होता.

चव? पहिल्या घोटाला कोवळे मटार उकडल्याचा भास. मग किंचित तुरट. आणि मग, आवळा खाऊन वर पाणी प्यावे तशी मागाहून येणारी गोडी. आईने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "हा तो शेवाळाचा नव्हे."

"तोच गं," तो म्हणाला.

त्याच पत्तीवर दुसरे पाणी घालायचे, थोडे अधिक ऊन, आणि लगेच ओतायचे. ते ओततानाच त्याने विचारले, "दादा, वाईला कौलं गळली का रे यंदा?"

"माजघरात गळली," मी म्हणालो.

तीन वर्षांत त्या घराविषयी आम्ही बोललो ते एवढेच. तिसरे पाणीही झाले. उरलेली पाने त्याने मीठ लावून खाल्ली. मीही खाल्ली. आईसाठी तो भाजलेल्या पत्तीचा होजिचा ठेवून गेला आहे. त्याला कढत पाणी चालते, म्हणून आमच्या ओट्याशी त्याचे चांगले जमले.

सेंचा मात्र मी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला आहे, हिंगापासून दूर. रविवारी वाईला जाऊन कौले पाहून येतो आणि त्याला पत्र लिहितो. उघडलेले पाकीट महिनाभरात संपवावे, असे तो सांगून गेला आहे. डब्यात आता दोनच वेळची पत्ती उरली आहे.