लोकलेखा समिती आणि बंद दाराआडचा हिशेब

१४ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राफेल विमानखरेदीच्या चौकशीची मागणी करणाऱ्या याचिका फेटाळल्या. विमानांच्या किमतीचा तपशील नियंत्रक व महालेखापरीक्षकांना दिलेला आहे आणि त्यांचा अहवाल लोकलेखा समितीने तपासला आहे, असे निकालपत्रात नमूद होते. या समितीचे अध्यक्ष तेव्हा मल्लिकार्जुन खर्गे होते; लोकसभेतील काँग्रेस पक्षाचे नेतेही तेच. असा कोणताही अहवाल समितीपुढे आलेलाच नाही, हे त्यांनी तत्काळ जाहीर केले. महालेखापरीक्षक व महान्यायवादी या दोघांनाही समितीपुढे पाचारण करावे, असा आग्रह आपण सदस्यांकडे धरू, असेही ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी सरकारने दुरुस्तीचा अर्ज दाखल केला. बंद लिफाफ्यातून दिलेल्या टिपणात आपण केवळ कार्यपद्धती सांगितली होती. अहवाल समितीकडून ‘तपासला जातो’ असे लिहिले होते, न्यायालयाने ते ‘तपासला आहे’ असे वाचले, हा त्याचा खुलासा. इंग्रजी क्रियापदांचे मराठी करण्यात ज्याचा दिवस जातो, त्याला या व्याकरणशुद्धीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही! नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने ही दुरुस्ती मान्य केली आणि फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या. क्रियापद सुधारले, निकाल तोच राहिला.

खर्गे यांच्या म्हणण्याचा गाभा साधा होता : लेखापरीक्षकाचा अहवाल संसदेपुढे येऊन लोकप्रतिनिधींनी त्यावर अधिकाऱ्यांची उलटतपासणी केल्याखेरीज सरकारचा हिशेब तपासला गेला, असे म्हणता येत नाही. ही कल्पना त्यांची एकट्याची नव्हे. लोकलेखा समिती १९२१ पासून अस्तित्वात आहे. पण विरोधी पक्षाच्या सदस्याने तिचे अध्यक्षपद भूषवावे, हा प्रघात १९६७ मध्ये मिनू मसानी यांच्यापासून पडला. मसानी स्वतंत्र पक्षाचे, म्हणजे खाजगी भांडवलाचे उघड कैवारी. तरीही हा प्रघात योग्यच होता. ज्याने खर्च केला त्यानेच हिशेबाला मान्यता द्यायची, तर त्या हिशेबाला अर्थ काय उरतो?

परंतु अध्यक्षाची खुर्ची विरोधकांकडे असली तरी समितीतील बहुमत सरकार पक्षाचेच असते. एप्रिल २०११ मध्ये टू-जी प्रकरणी मुरली मनोहर जोशी यांनी तयार केलेला मसुदा काँग्रेस व द्रमुकच्या सदस्यांनी समाजवादी पक्ष आणि बसपच्या साहाय्याने धुडकावला, इतकेच नव्हे तर बैठकीतच सैफुद्दीन सोझ यांना अध्यक्ष ‘निवडून’ टाकले. खर्गे त्याच पक्षाचे. म्हणून त्यांचा मुद्दा खोटा ठरत नाही. पण मुद्दा खरा म्हणून त्यांच्या पक्षाचे हे कर्तृत्व विस्मरणात टाकण्याचेही कारण नाही.

राफेलचा लेखापरीक्षण अहवाल अखेर १३ फेब्रुवारी २०१९ रोजी संसदेत मांडला गेला. तो सोळाव्या लोकसभेच्या शेवटच्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता! नवा करार जुन्या प्रस्तावापेक्षा २.८६ टक्क्यांनी स्वस्त असल्याचा निष्कर्ष त्यात होता, मात्र प्रत्यक्ष किमती गाळलेल्या होत्या. महालेखापरीक्षक राजीव महर्षी हे एप्रिल २०१५ मध्ये, म्हणजे छत्तीस विमानांची घोषणा झाली तेव्हा, वित्त सचिव होते. त्या पदाचा संरक्षण खर्चाच्या फायलींशी संबंध नसतो, असे अरुण जेटली यांनी सांगितले. तसे असेलही. परंतु ज्याचा हिशेब तपासायचा तोच परीक्षक निवडतो, या व्यवस्थेत अशी शंका टळणार कशी? मुख्य दक्षता आयुक्ताच्या निवड समितीत विरोधी पक्षनेत्याला स्थान आहे. महालेखापरीक्षकाच्या नेमणुकीत ते नाही. १९४९ मध्ये घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी हे पद राज्यघटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचे पद मानले होते, याची येथे आठवण होते.

घटनेच्या १५१ व्या अनुच्छेदानुसार अहवाल सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक आहे, पण मुदत नाही. सारी मेख येथे आहे. जुलै १९८९ मध्ये बोफोर्सवरील अहवाल सभागृहात आला आणि विरोधी खासदारांनी लोकसभेचे सामूहिक राजीनामे दिले. अहवालाची ही ताकद प्रत्येक सरकार जाणून असते. दिल्लीत आम आदमी पक्षाच्या सरकारकडे चौदा अहवाल पडून होते. ते फेब्रुवारी २०२५ मध्ये सत्तांतर झाल्यावर बाहेर येऊ लागले.

आणि हा केवळ विमानांचा प्रश्न नव्हे. ऑगस्ट २०२३ च्या अहवालात आयुष्मान भारत योजनेचे ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकावर नोंदलेले आढळले. ओळख पटविण्यास तो क्रमांक लागत नाही, असा खुलासा सरकारने केला. पण त्याच अहवालात आधी मृत म्हणून नोंदलेल्या रुग्णांच्या नावेही उपचाराची देयके निघालेली आढळली, त्याचे काय? इस्पितळाच्या दारातून परत पाठविल्या जाणाऱ्या मजुराला हा अहवाल कधी वाचायला मिळणार?

इंग्लंडच्या पार्लमेंटची लोकलेखा समिती साक्षी उघडपणे घेते. आपली समिती सचिवांना बंद दाराआड प्रश्न विचारते आणि त्या बैठकीचे कामकाज जनतेला ऐकू येत नाही. ही दारे उघडावीत, अहवाल मांडण्यास कायद्याने मुदत घालावी आणि परीक्षकाच्या निवडीत विरोधकांना स्थान द्यावे. राज्यांच्या विधानसभांनाही हे तितकेच लागू असावे, मग तेथे सरकार कोणत्याही पक्षाचे असो.