पाय थरथरले म्हणजे झालं?

टाळेबंदीत मोबाइल समोर ठेवून व्यायाम करायची सवय लागलेल्या माझ्या ओळखीतल्या काही जणींना पुढे बार वर्कआउटची गोडी लागली. बॅलेचे विद्यार्थी सराव करताना जो लाकडी दांडा धरतात, त्याच्या जागी खुर्चीची पाठ किंवा ओट्याची कड धरायची. टाचा उचलायच्या, गुडघे वाकवायचे आणि तिथेच इंच-अर्धा इंच खाली-वर करत राहायचं. उड्या नाहीत, धपधप नाही, खालच्या मजल्यावरून तक्रार नाही. अर्ध्या तासात मांड्या पेटतात, पाय लटलट कापायला लागतात. मग प्रत्येकीचा तोच प्रश्न असतो: एवढं पुरतं का?

डबे भरून झाल्यावर आणि ऑफिसला निघायच्या आधी जी बाई स्वतःसाठी अर्धा तास काढते, तिचा तो अर्धा तास वाया जाता कामा नये. म्हणून हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

हा व्यायाम जिनं उभा केला ती लोटे बर्क. १९१३ साली जर्मनीत कोलोनला जन्मलेली ज्यू नर्तकी. नाझी राजवटीत देश सोडून ती लंडनला आली. पाठीच्या दुखण्यानंतर बॅलेचे सराव आणि दुखापतीतून उठवणारे व्यायाम तिनं एकत्र आणले आणि १९५९ मध्ये मँचेस्टर स्ट्रीटवरच्या एका तळघरात वर्ग सुरू केला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिची शिष्या लिडिया बाख हिनं ही पद्धत न्यूयॉर्कला नेली. तिथून ती जगभर पसरली. वर्गात शिकवणारी व्यक्ती अंगावर नजर ठेवून असते. कंबर वळली, ढुंगण मागे गेलं, खांदा चढला की लगेच टोकते. मोबाइलमधली बाई मात्र तुमच्याकडे बघत नसते. ‘शाब्बास, अजून आठ!’ हे ती सगळ्यांना सारखंच म्हणते, नीट करणारीलाही आणि अंगचोरी करणारीलाही. त्यामुळे घरी परीक्षक आपणच व्हायचं आणि त्यासाठी नेमकं काय तपासायचं ते ठाऊक हवं.

थरथरीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावरच ठेवला जातो. एकाच स्थितीत स्नायू ताणून धरला की त्यातले काही तंतू थकतात, मेंदू त्यांच्या मदतीला दुसरे तंतू कामाला लावतो आणि ही अदलाबदल सुरळीत होत नाही तेव्हा पाय कापतो. त्याच वेळी आवळलेल्या स्नायूतला रक्तपुरवठा आखडतो, म्हणून आग होते. दोन्ही खुणा दमल्याच्या आहेत, खोट्या नाहीत. पण नवी हालचाल शिकताना ताकद पुरेशी असली तरी पाय कापतात आणि सरावानं तीच हालचाल स्थिर होते. म्हणजे थरथर असली तरी व्यायाम पुरेसा असेलच असं नाही, आणि थरथर थांबली म्हणून तो निकामी ठरत नाही. दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचंही तेच. ती बहुधा सवय नसलेल्या कामानं येते. दिवाळीत माळा झाडला तरी अंग दुखतं, त्यानं ताकद वाढत नाही. घामाचं तर विचारूच नका. मे महिन्यात मुंबईत पोळ्या लाटतानाही तो येतो.

आपल्याकडे व्यायाम मोजायची जुनी रीत आहे. सूर्यनमस्कार किती घातले, बैठका किती मारल्या, जोर किती काढले. ही रीत चांगली, कारण तिथे प्रत्येक आवर्तन पूर्ण असतं: बैठक म्हणजे खाली जाऊन वर येणं. बारमधल्या त्या इंचभर हालचालीला आकडा लावला तर तो फसवतो. शंभर झाले तरी त्यातले पहिले साठ उंचावर राहूनच झालेले असू शकतात. म्हणून माझ्या मते आधी खोली बघावी. गुडघे पहिल्या मिनिटाला जितके वाकले होते तितकेच शेवटच्या मिनिटाला वाकलेत का? टाच तेवढीच उंच आहे का? भिंतीवरच्या आरशात किंवा मोबाइलवर स्वतःचं चित्रण करून हे दोन मिनिटांत कळतं.

त्यानंतर हात. खुर्चीवर ठेवलेला हात तोल सांभाळायला असतो. दम संपत आला की नकळत अर्धं वजन त्या हातावर जातं आणि मांडीचं काम हलकं होतं. मालिकेच्या मध्यात पंजा उचलून फक्त दोन बोटं टेकवून बघा. हालचाल कोसळली तर तोवर कष्ट मांडीनं नाही, खुर्चीनं केले होते.

पण खरी कसोटी त्या एका प्रश्नात आहे, जो मालिका संपते त्या क्षणी स्वतःला विचारायचा: याच ढबीत, याच खोलीत, मी अजून किती करू शकले असते? उत्तर दोन-तीन असेल तर व्यायाम पुरेसा कठीण आहे. दहा-पंधरा सहज निघाले असते असं वाटलं तर नाही, मग कितीही घाम आलेला असो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात स्टुअर्ट फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हलक्या वजनानंही स्नायू जड वजनाइतकेच वाढू शकतात, फक्त अगदी दमेपर्यंत करायला हवं. त्या प्रयोगांतले बहुतेक जण तरुण पुरुष होते हे लक्षात ठेवूनही, घरी दीड किलोच्या डंबेल्सवर भागवणाऱ्या बाईला हा मोठा आधार आहे. एकदम जास्तीत जास्त वजन उचलायची ताकद हवी असेल तर मात्र जड वजनाला पर्याय नाही.

जे सहज जमायला लागलं ते अवघड कसं करायचं? लगेच नवा व्हिडिओ शोधू नका. तोच सराव सावकाश करा, खाली जाताना चार अंक मोजा. थोडं अजून खोल जा. हात सोडा. दोन पायांचं एका पायावर आणा. पायाला रबरी पट्टा लावा. यातलं एका वेळी एकच बदला, म्हणजे कशानं फरक पडला ते कळेल.

आता बारच्या मर्यादेबद्दल, आणि इथे मला जरा ठासून सांगायचं आहे. बहुतेक बार-सत्रं मांड्या, पोटऱ्या, नितंब आणि पोट यांना भरपूर काम देतात, पण ओढण्याचं काम त्यांत क्वचितच असतं. त्यामुळे पाठीचे मोठे स्नायू उपाशी राहतात. हाडांना बळकट व्हायला जो दणका किंवा भार लागतो तोही कमी मिळतो. रजोनिवृत्तीनंतर बाईची हाडं वेगानं विरळ होतात, तेव्हा ही उणीव किरकोळ नाही. आणि हृदय? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये प्रौढांसाठी सांगितलं आहे की आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम हवा, शिवाय किमान २ दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम. मध्यम दम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही. बार करताना तुम्ही व्हिडिओतलं गाणं आरामात म्हणू शकत असाल, तर ती मिनिटं या १५० मध्ये धरू नका. झपझप चालणं, जिने चढणं, पोहणं यांपैकी काहीतरी जोडा आणि आठवड्यातून दोनदा भरलेली पिशवी वाकून कमरेपर्यंत ओढायचा सराव करा.

रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांशी बोलूनच बराच वेळ रोखून धरायचे प्रकार करा, आणि कुणीही असा, श्वास कोंडून धरू नका. मांडीच्या मधोमध आग होणं ठीक, गुडघ्याच्या सांध्यात टोचणं ठीक नाही. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथल्या तिथे थांबा.

व्यायामाचा निकाल शेवटी व्यायामाबाहेर लागतो. त्यासाठी एक साधी चाचणी आहे, ज्येष्ठांची ताकद मोजायला जगभर वापरली जाणारी. बिनहाताच्या खुर्चीवर बसा, हात छातीवर दुमडा आणि ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा किती वेळा बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी जमलं तर ते सरासरीहून कमी धरतात. तुम्ही चाळिशीत असाल तर या आकड्यावर समाधान मानू नका. या रविवारी ही चाचणी करा, घरातल्या मोठ्यांनाही भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर, शेजारी उभं राहून करायला लावा आणि आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा. दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. नियमित बार करूनही तुमचा आकडा कमीच राहिला आणि जागचा हलला नाही, तर व्यायाम वाढवायची वेळ झाली आहे.