पन्नास पैशांचं काय झालं?



परवा मच्छीबाजारात प्लास्टिकबंदीचं पथक आलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईकडे पातळ पिशव्यांचा गठ्ठा सापडला, पाच हजारांची पावती फाडली. तिचा दिवसाचा धंदाही तेवढा होत नाही. कायदा मोडला हे खरंच, पण ओलं म्हावरं कागदात कसं बांधायचं ते काही कुणी सांगितलं नाही.

आमच्या घरची डोल आहे. डोलीचं जाळं ओढत नाहीत. ते एका जागी तोंड उघडून उभं असतं आणि भरती-ओहोटीचं पाणी त्यातून गाळलं जातं. जवळा निवडायला बसलं की पातळ पिशव्या निघतात, पण त्याहून जास्त निघतात शाम्पूच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं आणि दुधाच्या पिशवीचे कापलेले तिकोनी कोपरे. नखाएवढे, पांढरे, जवळ्यात मिसळले की दिसतही नाहीत. गुटख्याच्या पुड्या तर असतातच. राज्यात 2012 पासून गुटख्यालाच बंदी आहे म्हणे!

पाण्याची बाटली त्या मानाने कमी येते. भंगारवाला ती किलोवर घेतो, म्हणून कचरा वेचणाऱ्या बायका ती रस्त्यावरच उचलतात. पुडीत चंदेरी वर्ख आणि प्लास्टिकचे थर एकमेकांना चिकटलेले, तिला भाव नाही. मग ती नाल्यातून खाडीत आणि खाडीतून डोलीत. केंद्राने 1 जुलै 2022 पासून स्ट्रॉ, चमचे, ताटल्या बंद केल्या. या पुड्या मात्र बंदीतून सुटल्या. त्या गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. आमच्या किनाऱ्यावर अजून कुठल्या कंपनीचा माणूस पोतं घेऊन आलेला मी पाहिलेला नाही.

राज्याच्या मार्च 2018 च्या अधिसूचनेत दुधाची पिशवी परत देणाऱ्याला 50 पैसे मिळतील असं होतं. मला आजवर एकाही दुकानदाराने ते दिलेले नाहीत. पाच हजारांचं कलम तेवढं पाठ आणि पन्नास पैशांचं विसरलं, असं कसं? पिशवी कोपऱ्यासकट परत घ्या, पुडीलाही भाव लावा, पैसा कंपनीकडून वसूल करा. मग दंडाला या.

केरळात नीण्डकरा बंदरावर 2017 पासून मच्छीमारांनी जाळ्यातलं प्लास्टिक किनाऱ्यावर आणलं, ते बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरलं गेलं. आमच्या बंदरावर साधं पिंप नाही. खरं सांगते, निवडलेला कचरा बरेच खलाशी परत पाण्यात टाकतात. पुढच्या भरतीला तो पुन्हा डोलीत येतो.

– एक मासेविक्रेती, पालघर जिल्हा