हिवाळी भटकंती : बंदी नको, बेत हवा

दिवाळीची सुटी संपून महाविद्यालय नुकतेच सुरू झाले होते. कँटीनमध्ये आमच्यातल्या एकाने मोबाइलवर बर्फाच्या गुहांची चित्रफीत दाखवली. निळसर भिंती, छताला लोंबणारे बर्फाचे सुळे, पायाखाली काचेसारखी जमीन! "या जानेवारीत अशी गुहा बघायला जायचंच," असे त्याने जाहीर करून टाकले. त्यावर कोपऱ्यातून आवाज आला, "आधी राजगडाची परवानगी आणा, मग बर्फाचं बघू." सगळे खो खो हसले. मला मात्र हसू आले नाही. कारण ज्या सहलीमुळे ती परवानगी बंद झाली, तिचा बेत मीच आखला होता.

बेत कसला, नुसती हौस म्हणा! गेल्या डिसेंबरात आम्ही नऊजण, पाच मुले आणि चार मुली, राजगडावरून डोंगरधारेने तोरण्याला जायला निघालो. आदल्या रात्री पायथ्याच्या गुंजवण्यात मुक्काम केला. पहाटे सहाला निघायचे ठरले होते. पण आधी पांघरुणाची ऊब, मग चहा, मग दुसरा चहा, असे करता करता नऊ वाजले. चोरदरवाजाने वर गेलो. पद्मावती माची पाहिली, सुवेळा माचीच्या नेढ्यात बसून मनसोक्त फोटो काढले, बालेकिल्लाही सोडवेना. संजीवनी माचीवरून अळू दरवाजाबाहेर पडलो तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. पुढची वाट सहा-सात तासांची. तोरणा समोरच दिसत होता, आणि जे दिसते ते जवळच असणार अशी आमची भाबडी समजूत!

घसाऱ्यावर एका मैत्रिणीचा पाय मुरगळला. सहाच्या सुमारास सूर्य बुडाला. नऊजणांत एक बॅटरी, फोटो काढून काढून बंद पडलेले मोबाइल, रिकाम्या बाटल्या आणि अंगावर सुती कपडे. दिवसभर सुखद वाटलेला वारा अंधार पडताच हाडांत शिरला. शेवटी डोंगरावरच्या एका घरातल्या आजींनी आम्हांला चुलीपाशी बसवून घेतले. भाकरी थापता थापता त्या एवढेच म्हणाल्या, "पोरींनो, दिस कवा मावळतो ते तरी कुणाला इचारायचं व्हतं!"

त्या रात्री कुणाच्याच घरी फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी लंगडणाऱ्या मैत्रिणीला घेऊन वेल्ह्यात उतरलो, तर माझे वडील एस.टी.च्या थांब्यावर उभे होते. ते रागावले नाहीत. काही बोललेच नाहीत. ते न बोलणे मला अजून टोचते.

यंदा महाविद्यालयाच्या फलकावर सूचना लागली : मुक्कामाच्या पदभ्रमण सहली बंद. प्राध्यापकांची भीती मला कळते. नऊ घरांची झोप उडवणाऱ्या मुलीने त्यांच्याशी वाद घालावा हे शोभत नाही, असेही कुणी म्हणेल. तरीही मला म्हणायचे आहे की हा उपाय रोगावरचा नाही. आम्ही डोंगरावर गेलो ही चूक नव्हती. वेळ न मोजता गेलो, ही चूक होती.

बर्फाच्याच गुहेचे उदाहरण घ्या. आपल्या देशात सर्वांना ठाऊक असलेली अशी गुहा म्हणजे अमरनाथ. समुद्रसपाटीपासून ३,८८८ मीटर उंचीवरच्या त्या गुहेत छतातून ठिबकणारे पाणी गोठत जाते आणि बर्फाचे लिंग तयार होते. हिवाळ्यात वाटा बर्फाखाली असतात, म्हणून यात्रा उन्हाळ्यात सुरू होते आणि श्रावणी पौर्णिमेला संपते. ऑगस्ट १९९६ मध्ये या यात्रेत अवचित हिमवादळ झाले आणि थंडीने दोनशेहून अधिक यात्रेकरू मरण पावले. केवढा मोठा अनर्थ! पण म्हणून यात्रा कायमची बंद झाली काय? नाही. चौकशी समिती नेमली गेली, यात्रेकरूंच्या संख्येला मर्यादा हवी असा विचार पुढे आला, नोंदणी आली. आज वैद्यकीय दाखल्याशिवाय यात्रेची नोंदणी होत नाही. अपघाताने तिथे शिस्त शिकवली. आपल्या फलकाने मात्र सहलच पुसून टाकली.

अशा गुहांचा आणखी एक धडा आहे. थंड हवा जड असते. हिवाळ्यात ती खाली उतरत्या गुहेत शिरून बसते, आणि उन्हाळ्यातली हलकी, ऊबदार हवा तिला सहजासहजी हुसकावू शकत नाही. म्हणून काही गुहांत बर्फ बारा महिने टिकतो. काही ठिकाणी मात्र तो पाहुण्यासारखा येतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या किनाऱ्यावर, सुपीरियर सरोवराच्या काठी, अशा गुहा आहेत. सरोवर पुरेसे जाड गोठले तरच त्यावरून चालत तिथे जाता येते. २००९ नंतर तो योग आला तो थेट २०१४ च्या हिवाळ्यात. मधली वर्षे लोक थांबले. आपल्याजवळचे उदाहरण महाबळेश्वरचे. एखाद्या हिवाळ्यात, निरभ्र आणि निवांत रात्री, वेण्णा तलावाच्या काठी दव गोठते. ते पाहायला पहाटे उठावे लागते. ऊन वर आले की सारे संपले. दोन्हीकडे तारीख निसर्गाची असते, आपली नव्हे.

मग आमच्या राजगड-तोरण्याला निराळा नियम कसा? डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा, जूनपेक्षा सुमारे दोन तासांनी लहान. हे शाळेत पाठ केलेले असूनही डोंगरावर आठवले नाही. खरा बेत सूर्यास्तापासून उलटा मोजत आखायला हवा. शेवटचा उतार कधी संपला पाहिजे, त्यासाठी अळू दरवाजा किती वाजता सोडला पाहिजे, आणि ती वेळ टळली तर मुकाट्याने गुंजवण्याची वाट धरायची. परत फिरणे हाही बेताचाच भाग आहे, पळपुटेपणा नव्हे. बाकी गोष्टी साध्या आहेत. प्रत्येकाकडे स्वतंत्र बॅटरी, लोकरीचे कपडे, पुरेसे पाणी. मुक्काम कुठे करता येतो याची आधी चौकशी. वाट माहीत असलेला गावातला माणूस योग्य मोबदला देऊन सोबत. आणि सारा बेत लेखी, एक प्रत प्राध्यापकांकडे, एक घरी.

बंदीचा तोटा कुणाला होतो, हेही पाहावे. मुले जातच आहेत. दोन मोटारसायकली, चारजण, ना कुणाला कल्पना ना कुणाची जबाबदारी. महाविद्यालयाची सहल नाही, म्हणून घरी बसलो आहोत त्या आम्ही मुली. "प्राध्यापक बरोबर आहेत" या एका वाक्यावर आमच्या घरचे दार उघडत असे. ते वाक्य काढून घेतले, आणि धोका मात्र तसाच राहिला. किंबहुना वाढला, कारण आता तो कुणाच्या नजरेखाली नाही.

जुलै २०२५ मध्ये राजगडाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. जगभरचे लोक आता तो पाहायला येतील. त्याच्या सावलीत शिकणाऱ्या आम्ही मात्र तो कँटीनच्या खिडकीतून कल्पनेनेच पाहायचा, हे बरे दिसत नाही.

म्हणून माझी प्राध्यापकांना विनंती आहे. आम्हांला एकदम तोरण्याला सोडू नका, हिमालयाला तर नकोच. यंदा भोरजवळचा रोहिडा, एका दिवसात जाऊन येण्याजोगा. तो नीट जमला तर रायरेश्वर. मग राजगड, आणि तिथेही चुकलो नाही तर पुढल्या वर्षी डोंगरधारेने तोरणा. बर्फाच्या गुहा कुठे पळून जात नाहीत. त्यांच्यापर्यंत जाणारी वाट आपल्या तालुक्यातूनच सुरू होते.

रोहिड्याच्या सहलीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. त्यात वेळापत्रक आहे, परत फिरण्याची वेळ लाल शाईने लिहिली आहे, आणि पहिली सही माझ्या वडिलांची आहे. निघायचे पहाटे सहाला. दुसरा चहा परत आल्यावर.

(एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला)