नोटीस चिकटवली, हात झटकले

गिरगाव, लालबाग, भायखळा, डोंगरीतल्या चाळकरी बंधू-भगिनींनो,

गेल्या आठवड्यात आपल्या गल्लीतल्या एका चार मजली चाळीचं पाणी भर पावसात तोडलं. आदल्या संध्याकाळी जिन्याखालच्या मीटरच्या पेटीवर खळ लावून एक कागद डकवला आणि डकवणारे निघून गेले. इमारत अतिधोकादायक आहे, तत्काळ रिकामी करा, न केल्यास होणाऱ्या जीवित आणि वित्तहानीला रहिवासी स्वतः जबाबदार राहतील. खाली शिक्का. जायचं कुठे, याबद्दल एक ओळ नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना नातवाने आणि शेजारच्या पोराने प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, ऑक्सिजनचं नळकांडं बगलेत धरून खाली उतरवलं. त्या आज कळव्याला भाचीच्या एका खोलीत आहेत. कुठवर, ते भाचीलाही ठाऊक नाही.

मालक दुरुस्ती करत नाहीत, पुनर्विकासाच्या फायली वर्षानुवर्षं हलत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. हे पत्रक एकाच गोष्टीविरुद्ध आहे. नोटीस डकवली की अंमलबजावणी झाली, असं मानणाऱ्या पद्धतीविरुद्ध.

त्या कागदातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. जबाबदार कोण? जो खोलीत झोपतो तो. इमारत वाचावी म्हणून हे वाक्य लिहिलेलं नाही, माणूस वाचावा म्हणूनही नाही. इमारत पडल्यावर चौकशी होईल तेव्हा फाइलीत एक कागद सापडावा, एवढ्यासाठीच ते लिहिलेलं आहे. ढिगाऱ्यातून मृतदेह काढण्याचं काम चालू असतानाच, आम्ही नोटीस दिली होती, हे ऐकायला मिळतं. दर वेळी मिळतं.

भेंडी बाजारातली हुसैनी इमारत 2011 मध्येच धोकादायक ठरली होती. ती पडली 31 ऑगस्ट 2017 ला आणि 33 माणसं गेली. मधली सहा वर्षं कागद होता, माणसंही तिथेच होती. कुर्ल्याच्या नाईक नगरातल्या इमारतीला 2013 पासून नोटिसा होत्या. जून 2022 मध्ये ती कोसळून 19 जण मेले, त्यांत बहुतेक भाड्याने राहणारे मजूर. नोटिसा खोल्यांच्या मालकांच्या नावाने आणि छताखाली झोपणारी माणसं दुसरीच! त्यांना कोणी कळवलं होतं? कोणत्या भाषेत?

आणि डॉकयार्ड रोड विसरू नका. 27 सप्टेंबर 2013 च्या पहाटे पडलेली ती इमारत महापालिकेच्याच मालकीची होती आणि तिच्यात पालिकेचेच कर्मचारी कुटुंबांसह राहत होते. 61 मृत्यू. तिथे खडूस मालक नव्हता, अडून बसलेले पागडीचे भाडेकरू नव्हते. आपल्या तोंडावर ज्या सबबी फेकल्या जातात त्यांतली एकही तिथे चालत नव्हती, तरी माणसं मेलीच.

आता कायदा बघू, कारण आपल्याला कायदा कळत नाही असं गृहीत धरूनच हे सगळं चालतं. मुंबई महापालिकेचा कायदा 1888 चा. कलम 354 खाली धोकादायक इमारतीची नोटीस निघते. मालकाने ऐकलं नाही तर पालिकेने स्वतः काम करून घ्यावं आणि खर्च त्याच्याकडून वसूल करावा, अशी सोय त्याच कायद्यात आहे. तीस वर्षांपुढच्या इमारतीची नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी करून घ्यायची, हेही त्यात आहे. दुरुस्तीचा सेस भरणाऱ्या इमारतींसाठी म्हाडा कायद्यात कलम 79-अ आहे. मालकाला सहा महिने, त्याने काही केलं नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, तेही जमलं नाही तर इमारत ताब्यात घेऊन पुनर्विकास. म्हणजे नोटीस ही पहिली पायरी. पुढच्या पायऱ्या कायद्याने लिहून ठेवल्या आहेत आणि त्या कोणी चढत नाही, कारण पहिल्या पायरीचा फोटो काढला की महिन्याच्या अहवालात आकडा भरता येतो. मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची यादी छापून येते, जूनमध्ये नोटिसा, जुलैमध्ये पाणी तोडणं, ऑक्टोबरात सगळं शांत. पुढच्या मेमध्ये त्याच इमारती, तीच यादी.

मधल्या काळात मिळतो तो टेकू. आपल्या चाळींतले लोखंडी टेकू बघा. गंज चढलाय, त्यावर दिवाळीच्या रंगाचे थरावर थर बसलेत. आमच्या जिन्यातल्या टेकूला टपालपेटी बांधलेली आहे. तात्पुरता म्हणून लावलेला टेकू पत्त्याचा भाग झाला, तरी त्याने पेललेली तुळई किती कुजली हे बघायला कोणी येत नाही.

यावर जे ऐकवलं जातं त्याने तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणे, भाडं किती भरता? अहो, 1940 च्या पातळीवर भाडी गोठवली ती सरकारने, आणि 1969 पासून दुरुस्तीसाठी सेस लावला तोही सरकारनेच. पागडी मोजली आम्ही. खोली दुसऱ्याच्या नावावर करताना मालकाचा वाटा मोजला आम्ही. कायद्याने ठरवलेलं भाडं भरणं हा गुन्हा असेल तर त्याची शिक्षा छत अंगावर पडणं आहे का?

दुसरं म्हणे, भाडेकरूच घर सोडत नाहीत. नाहीच सोडत! संक्रमण शिबिरात तीन वर्षांसाठी गेलेल्यांची नातवंडं तिथे कॉलेजात जाऊ लागली, हे या गल्लीत प्रत्येकाने पाहिलंय. खोली सोडली की हक्क सुटला, ही भीती लोकांच्या हाडात बसली आहे. ही भीती घालवणं अवघड नाही. पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2014 मध्येच स्पष्ट केलं. पाडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूचं नाव आणि त्याच्या ताब्यातलं क्षेत्रफळ नोंदवायचं, हे त्याच वर्षीच्या हायकोर्टाच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. मग ती नोंद नोटिशीसोबत हातात का देत नाहीत? मोजपट्टी घेऊन येणाऱ्याला कोणी दारातून परत पाठवत नाही.

तिसरं, मनुष्यबळ कमी आहे. पाणी तोडायला पुरतं, मोजायला पुरत नाही. यावर अधिक लिहिण्यात शाई घालवत नाही.

धोकादायक इमारत रिकामी व्हायलाच हवी. कोणाला मोडक्या छताखाली पोरं झोपवण्याची हौस नाही. पण रिकामी करायला लावणाऱ्याने त्याच दिवशी चार गोष्टी लेखी द्याव्यात: पर्यायी खोलीचा पत्ता, प्रत्येक भाडेकरूच्या क्षेत्रफळाचा दाखला, इमारतीच्या तपासणी अहवालाची प्रत आणि पुढची कारवाई कोणत्या तारखेला होणार ते. हे हातात पडल्याशिवाय नळ तोडू नये. मालकाची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी काम सुरू करावं आणि खर्च त्याच्या नावे चढवावा. भाड्याने राहणारा मजूर असो की तीन पिढ्यांचा भाडेकरू, नोटीस प्रत्येक दारावर, वाचता येईल अशा भाषेत जावी.

तुमच्या चाळीत कागद डकवायला आले तर सही करण्याआधी या चार गोष्टी मागा, नकार मिळाला तर तो नकार लेखी मागा, आणि कागदाचा तारखेसह फोटो काढून ठेवा. भाडेपावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड आणि सेसच्या पावत्यांच्या दोन-दोन प्रती आजच काढा. एक संच घरात नको, चाळीबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवा.

आपल्याच गल्लीतले भाडेकरू