वजन घटले, चव बदलली; ग्राहक मात्र मुकाच!

मराठी भाषेत काही गावांच्या नावांना त्या गावांनी कधीही न मागितलेले अर्थ चिकटले आहेत. त्यांत उल्हासनगरचा क्रमांक बहुधा पहिला लागेल. शिवण उसवली, रंग उडाला, खेळणे दुसऱ्या दिवशी मोडले, की वस्तू कोठूनही आलेली असो, आपण सहज बोलून जातो, "उल्हासनगरचा माल दिसतोय!" 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हसणाऱ्याला तो निरुपद्रवी वाटतो. कॅम्प १ मध्ये, शहाड स्थानकाच्या अंगाला, लहानशा गाळ्यात प्रामाणिकपणे माल तयार करणाऱ्याला तो काय वाटतो, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही.

या विनोदाचा आणि चॉकलेटचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे आणि तो जवळचा आहे. त्याच कॅम्पातील कोणत्याही किराणा दुकानात उभे राहावे. एका बाजूला स्थानिक गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या, दुसऱ्या बाजूला जांभळ्या वेष्टनातील चॉकलेटची चळत. बरणीतला माल घेताना ग्राहक दहा प्रश्न विचारतो. ताजा आहे का, कोणी बनवला, डुप्लिकेट तर नाही? जांभळी वडी मात्र तो उलटूनही पाहत नाही. थेट मुलाच्या हातात ठेवतो. संशय कोणाचा घ्यायचा आणि विश्वास कोणावर टाकायचा, हे आपण नेमके कशावरून ठरवतो? मालावरून, की जाहिरातीवरून?

थोडा इतिहास आठवू या. ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याचे जाहीर केले. कंपनीने दुकानदारांच्या सदोष साठवणुकीकडे बोट दाखवले. साठवणूक सदोष असेलही, पण मग वेष्टन हवाबंद का नव्हते, हा प्रशासनाचा प्रतिप्रश्न बिनतोड होता. सणाच्या त्या आठवड्यांत खप सुमारे ३० टक्क्यांनी घसरल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले होते. त्यानंतर कंपनीने दुकानदारांसाठी 'विश्वास' नावाची मोहीम काढली आणि जानेवारी २००४ मध्ये अधिक भक्कम, सीलबंद वेष्टन आणले. ग्राहकाने काही आठवडे हात आखडता घेतला, एवढ्यानेच बलाढ्य कंपनी हलली, ही या घटनेतील घेण्याजोगी शिकवण होती.

आपण ती घेतली नाही. अमिताभ बच्चन दूरदर्शनच्या पडद्यावर आले, त्यांनी ग्वाही दिली आणि आपण निश्चिंत झालो. पुढे 'कुछ मीठा हो जाए' आणि २०१० च्या सुमारास 'शुभ आरंभ' ही घोषवाक्ये घराघरांत पोहोचली. ज्या देशात तोंड गोड करण्यासाठी बेसनाचा लाडू, पुरणपोळी, सिंध्यांची शेवबर्फी आहे, त्या देशातील मंगलकार्याचा मुहूर्त एक परकीय वडी गाठू लागली. आता कल्पना करा, त्याच अळ्या कॅम्प १ मधील एखाद्या कारखानदाराच्या मालात सापडल्या असत्या तर? त्याच्या गाळ्याला टाळे लागले असते आणि साऱ्या गावाच्या नावावर आणखी एक विनोद जमा झाला असता. त्याची बाजू मांडायला कोणी महानायक आला नसता.

परदेशातील ग्राहक याच कंपन्यांशी कसा वागतो, तेही पाहण्यासारखे आहे. २००९ मध्ये न्यूझीलंडमध्ये कॅडबरीने डेअरी मिल्कमधील कोको बटरचा काही भाग काढून त्याऐवजी पामतेलासह अन्य वनस्पती मेद घातला. वडीचे वजनही कमी केले. लोक संतापले. चव बिघडल्याच्या तक्रारींबरोबरच पामतेलासाठी होणाऱ्या जंगलतोडीचाही मुद्दा निघाला आणि ऑकलंडच्या प्राणिसंग्रहालयाने आपल्या आवारातून कॅडबरीची विक्री बंद केली. काही आठवड्यांतच कंपनीने माघार घेऊन पामतेल काढून टाकले. त्या देशाची तेव्हाची लोकसंख्या सुमारे ४३ लाख, म्हणजे एकट्या मुंबईच्या निम्मीही नव्हे!

ब्रिटनमध्ये २००३ साली बंद केलेले 'विस्पा' ग्राहकांच्या आग्रहामुळे २००७ मध्ये कंपनीला पुन्हा आणावे लागले. २०१६ मध्ये 'टॉब्लेरोन'च्या त्रिकोणांमधील फटी रुंदावून १७० ग्रॅमची वडी १५० ग्रॅमची करण्यात आली, तेव्हा तेथील वृत्तपत्रांनी आणि ग्राहकांनी इतकी टर उडवली की २०१८ मध्ये जुना आकार परत आला. २०२५ मध्ये तर तेथील 'पेंग्विन' आणि 'क्लब' या लोकप्रिय बिस्किटांतील कोकोचे प्रमाण इतके घटले की त्यांच्या आवरणाला 'चॉकलेट' म्हणण्याचा अधिकारच राहिला नाही. वेष्टनावर 'चॉकलेटचा स्वाद' असे लिहावे लागले. तेथील ग्राहक आपल्याहून अधिक सुसंस्कृत आहे, असे मानण्याचे कारण नाही. तो वेष्टन वाचतो आणि फसवले गेल्याचे वाटताच गप्प बसत नाही, एवढाच फरक.

आपल्याकडे काय घडते? पाच आणि दहा रुपयांची वडी वर्षानुवर्षे पाच आणि दहा रुपयांचीच राहते. पातळ होत जाते ती वडी. कच्चा माल महागतो, हे खरेच आहे. घाना आणि आयव्हरी कोस्टमधील पिके बुडाल्यामुळे २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला होता. माल महागला तर किंमत वाढवावी. त्यात गैर काही नाही. पण किंमत तीच ठेवून गुपचूप वजन काढून घेणे, यात ग्राहकाच्या दुर्लक्षावर व्यापार करण्याची वृत्ती आहे. कोपऱ्यावरच्या वाण्याने शंभर ग्रॅममागे पाच ग्रॅमचा काटा मारला तर आपण त्याला चोर म्हणतो. येथे घटलेले वजन बारीक अक्षरांत छापलेले असते, म्हणून ते कायद्यात बसते आणि त्याला 'व्यवस्थापन कौशल्य' असे भारदस्त नाव मिळते.

हा दोष केवळ परकीयांचा आहे, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. आपल्या लाडक्या पार्ले-जीचा पाच रुपयांचा पुडाही कालौघात हलका होत गेला आहे. उल्हासनगरात नकली माल कधी बनलाच नाही, असाही दावा कोणी करू नये. ज्यांनी दुसऱ्याच्या नावाची वेष्टने छापली त्यांनी आपल्याच गावाचे नाव बुडवले. आग्रह इतकाच, की तराजू एक असावा. दुसऱ्याचे नाव लावून माल विकणे ही लबाडी असेल, तर आपलेच जुने नाव लावून आतला माल बदलणे हीसुद्धा लबाडीच होय.

हा तराजू दुहेरी असण्याचे मूळ आपल्या मनातील न्यूनगंडात आहे. फाळणीत घरदार, शेतीवाडी, व्यापार सारे सिंधमध्ये सोडून, केवळ धर्म सोडायचा नाही या निर्धाराने हिंदू सिंधी बांधव कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. या निर्वासितांनी भीक मागितली नाही. पापड, गोळ्या, बिस्किटे लोकलगाड्यांतून विकली आणि बराकींतून उद्योगनगरी उभारली. अशा पुरुषार्थाला आपण 'डुप्लिकेट' म्हणून हिणवतो आणि लंडनहून शिकागोला मालकी गेलेल्या कंपनीच्या नावापुढे मान तुकवतो. २०१० मध्ये क्राफ्टने कॅडबरी गिळंकृत केली; २०१४ पासून येथील कंपनीचे नाव मोंडेलीझ आहे. आपण मात्र कोणत्याही चॉकलेटला आजही 'कॅडबरी'च म्हणतो.

कायदा आपल्या बाजूने आहे. चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज अन्य वनस्पती मेद पाच टक्क्यांपर्यंतच चालतो आणि तो असल्यास वेष्टनावर तसे छापावे लागते. वजनमापाच्या नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीने दर ग्रॅममागे किती पैसे पडतात, हे छापण्याचीही तरतूद केली. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा व्हायला १२ वर्षे अवकाश होता. त्या पिढीने कायदा नसताना चळवळ उभी केली. आपल्या हाती १९८६ चा आणि त्यानंतरचा २०१९ चा असे दोन कायदे येऊनही आपण वेष्टन उलटून पाहत नाही.

स्वदेशी म्हणजे परकीय मालाची होळी, एवढाच अर्थ घेऊन चालणार नाही. डोळस खरेदी हाही स्वदेशीचाच संस्कार आहे. प्रत्येक घरातील मातेने मुलाच्या हाती वडी देण्यापूर्वी तिचे वजन आणि घटक त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावेत. शाखा-शाखांतील तरुणांनी आपल्या वस्तीतील चार दुकानांतून जुनी-नवी वेष्टने जमवून वजनांचा तक्ता करावा आणि तो फलकावर लावावा. फसवणूक आढळली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आणि कॅम्प १ च्या कारखानदारांनीही आता उसन्या नावाचा मोह कायमचा टाकून आपल्या मालावर 'उल्हासनगर' ही अक्षरे ठळक छापावीत. त्यांनी तेवढे धैर्य दाखवले, तर तो माल तितक्याच विश्वासाने विकत घेणे हे आपले कर्तव्य ठरेल. येत्या दिवाळीच्या खरेदीपासूनच त्याची सुरुवात व्हावी.