खेळ विकत घेतला, पण मालक कोण?

१९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' ज्यांनी जपून ठेवला, त्यांची मुले आजही तो खेळू शकतात. यंत्रात कॅसेट घातली की मारिओ धावू लागतो. २०१४ चा मोटार शर्यतीचा खेळ 'द क्रू' मात्र ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद करताच निकामी झाला. ग्राहकांनी मोजलेले पैसे वाया गेले.

व्हिडिओ गेमचे जुने शौकीन रॉस स्कॉट यांनी याविरुद्ध मोहीम उघडली. २०२५ पर्यंत युरोपात १० लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. मागणी साधी आहे : कंपनीने खुशाल हात काढून घ्यावा, पण विकलेला खेळ चालू राहील अशी सोय करूनच.

मुलांनी नव्या खेळाचा हट्ट धरला, तर आईवडिलांनी दुकानदाराला आधी विचारावे, हा इंटरनेटशिवाय चालतो का?